झाडे बेजान नसतात

आपल्या घरांत चित्र काढणारे मूल निघाले की कौतुक आणि काळजी एकाच वेळी सुरू होतात. हात चांगला आहे म्हणून कौतुक, आणि हा हात उद्या कुठे जाईल म्हणून काळजी. मूल शायर झाले तर चालते, कव्वाल झाले तरी लोक सांभाळून घेतात, पण मुसव्विर? हा शब्दच मुळी अल्लाहच्या नावांपैकी एक आहे. आकार देणारा तो. मग माणसाने त्या वाटेला जावे की नाही, गेला तर कुठवर जावे, याची चर्चा आपल्याकडे शेकडो वर्षे चालू आहे आणि अजून मिटलेली नाही. त्या चर्चेत निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. मी चित्रकलेचा शिक्षक. मराठवाड्यातल्या शाळांत तीस-बत्तीस वर्षे मुलांना रेषा आणि रंग शिकवले, आणि सुटीच्या दिवशी सायकलवर पाटी बांधून निसर्गचित्रे काढत हिंडलो. मला जे सांगायचे आहे ते झाडांविषयी आहे, आणि झाडांकडे जन्मभर पाहत राहिलेल्या एका मोठ्या चित्रकाराविषयी आहे.

निसर्गचित्रांकडे मी हौसेने वळलो नाही. १९६० नंतरची ती वर्षे. औरंगाबादच्या जुन्या शहरात आमचे घर होते, अब्बा शिवणकाम करीत. गिऱ्हाइकांची मापे लिहायच्या वहीत मागची पाने कोरी असत, त्यांवर मी पेन्सिलीने काहीबाही काढायचो. एकदा धाकट्या चच्चांचा चेहरा काढला. तो इतका जमला की दुकानात येणारी माणसे ओळखून हसू लागली. अब्बा रागावले नाहीत. पण त्या संध्याकाळी वही बगलेत मारून मला मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांकडे घेऊन गेले. मौलवीसाहेब मृदू स्वभावाचे होते. त्यांनी चित्र पाहिले, हसले, आणि एक हदीस सांगितली. हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे एक चित्रकार आला होता. चित्रे काढूनच आपले पोट भरते, असे त्याने सांगितले. तेव्हा हे काम करायचेच असेल तर झाडांची, ज्यांत रूह नाही अशा वस्तूंची चित्रे कर, असा सल्ला त्याला मिळाला. मग मौलवीसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तू भी झाड बना, पहाड बना, नदी बना. वो सब बेजान हैं. उसमें कोई हर्ज नहीं."

अब्बांच्या मनावरचे ओझे उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जलरंगांची पेटी आणून दिली, माझ्या आयुष्यातली पहिली.

पण आमच्याच घरात दादी होती. तिने सिपारे पढले होते, त्यापलीकडे अक्षरांशी तिची ओळख नव्हती. अंगणात कडुनिंबाचे मोठे झाड होते. कुणाला कांजिण्या आल्या, कुणाच्या दातात कळ उठली की पाला लागे. तो तोडायला संध्याकाळनंतर कुणी गेले की ती ओरडायची, "मगरिब के बाद झाडां कू हात नक्को लगाओ. सो गये वो लोगां." झाडांना ती "वो लोगां" म्हणायची, शेजारच्या घरातली माणसे असावीत तसे. गरज फारच असली तर आधी झाडाला हात लावून माफी मागायची आणि मगच चार पाने घ्यायची. ही रीत काही आमच्याच घरची नव्हती. गल्लीतल्या हिंदू बायाही दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावत नसत. ही मराठवाड्याची रीत, आणि तिला धर्म विचारण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

असे एकाच घरात दोन शब्द माझ्या कानावर पडत होते. मौलवीसाहेबांचा "बेजान" आणि दादीचा "वो लोगां". मी झाडे काढू लागलो ती पहिल्या शब्दाच्या परवानगीने; पण काढताना मनात असायचा तो दुसरा. या दोघांचा मेळ कसा घालायचा ते पुष्कळ वर्षे मला उमगले नाही. ते उमगायला सय्यद हैदर रझा यांची चित्रे कामी आली.

रझांचे नाव आज कोट्यवधी रुपयांच्या लिलावांमुळे वर्तमानपत्रांत येते. त्या आकड्यांनी माणूस झाकला जातो. हा माणूस जंगलातला. त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. मंडला आज मध्य प्रदेशात आहे. तेव्हा तो मध्य प्रांताचा भाग होता आणि त्या प्रांताची राजधानी आपले नागपूर होती. कान्हाचे प्रसिद्ध जंगल त्याच मुलखातले, नर्मदाही तिथलीच. वडील सय्यद मोहम्मद रझी जंगल खात्यात नोकरीला होते. त्यामुळे मुलाचे बालपण साग-सालाच्या दाट झाडीत, वस्तीपासून दूर गेले. रात्रीच्या जंगलाची भीती आणि सकाळी ऊन आल्यावर मिळणारा दिलासा, या दोन गोष्टी रझा म्हातारपणीही मुलाखतींतून सांगत असत. भीती वाटायला समोर कुणीतरी असावे लागते. लाकडाच्या ढिगाची भीती कुणाला वाटत नाही. त्या मुलाला जंगल भोवती उभे असलेले, श्वास घेणारे वाटत होते, एवढे यावरून कळते.

त्यांच्या शाळेतली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मुलाचे चित्त थाऱ्यावर राहत नव्हते म्हणून गुरुजींनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे सुमारे पन्नास वर्षांनी हा ठिपका त्यांच्या कॅनव्हासवर परत आला आणि जगभर ‘बिंदू’ म्हणून ओळखला जाऊ लागला. शिक्षक म्हणून मला या गोष्टीचे अप्रूप वाटते. एका खेड्यातल्या मास्तराने मुलाला शिक्षा न करता पाहायला शिकवले.

रझांची घडण मात्र मराठी मुलखात झाली, हे आपण विसरतो. १९३९ ते १९४३ ही वर्षे त्यांनी नागपूरच्या कलाशाळेत काढली. मग ते मुंबईला आले. पोटासाठी एका ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत काम केले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले. त्या काळात त्यांनी मुंबईचे रस्ते, पाऊस आणि गर्दी जलरंगांत रंगवली. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापला. यातले हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, आणि तेही मुख्यतः निसर्गचित्रकारच. आधुनिक भारतीय चित्रकलेचा पाया घालणाऱ्या सहा जणांत विदर्भ-नागपूरच्या हवेत वाढलेले दोन निसर्गचित्रकार होते, ही नोंद मराठी वाचकाने ठेवायला हवी.

त्याच सुमाराला देश दुभंगला. रझांची आई १९४७ मध्ये गेली, वडील १९४८ मध्ये. भावंडे पाकिस्तानात निघून गेली. पत्नीही गेली. पंचवीस-सव्वीस वर्षांचा हा मुलगा इथे राहिला. त्याच्याजवळ ना घर होते ना पैसा. होते ते मंडलाचे जंगल, तेही आठवणीतले. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत अशा फाळण्या झालेल्या आहेत. कुणाची आत्या कराचीला आहे, कुणाचा मामा. तेव्हा या निर्णयाचे वजन मी वेगळे सांगायला नको.

१९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. चित्रे चांगली आहेत पण त्यांत बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा, असे त्यांनी रझांना सांगितले. त्याचा मोठा परिणाम झाला. १९५० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून रझा पॅरिसला गेले आणि पुढची साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिले. १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो प्रथमच दिला गेला होता. १९५९ मध्ये जानीन मोंजिला या चित्रकर्तीशी त्यांनी लग्न केले.

त्या काळातल्या त्यांच्या चित्रांत फ्रान्समधली खेडी आहेत, उतरती छपरे आहेत, चर्च आहेत. आधी सगळे नीट रचलेले, एकावर एक घर. मग हळूहळू घरांच्या कडा वितळू लागतात, रंग जाड होतात, आणि साठच्या दशकात तर गाव ओळखूच येत नाही; राहतो तो लाल, काळ्या, पिवळ्या रंगांचा उसळता लोट. पुढच्या काही चित्रांना त्यांनी ‘ला तेर’ असे नाव दिले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पृथ्वी, माती. मी ही चित्रे प्रथम पाहिली ती एका मासिकात छापलेली, आणि पुढे मुंबईत एका प्रदर्शनात प्रत्यक्ष. समोर उभा राहिलो आणि दादीची आठवण झाली. चित्रात झाड कुठेच नव्हते, पाने नव्हती, तरी रात्रीचे जंगल होते. झाडाचा आकार सोडून देऊन झाडाचा जीव रंगवता येतो हे मला तिथे कळले.

यशाच्या शिखरावर असताना सत्तरच्या दशकात रझा अस्वस्थ झाले. आपल्या चित्रांत आपण कुठे आहोत, हा प्रश्न त्यांना पडला. ते वारंवार भारतात येऊ लागले. या फेऱ्यांत ते काशीला गेले, राजस्थान-गुजरातेत हिंडले, आणि आपल्या जिल्ह्यात अजिंठा-वेरूळलाही आले. पॅरिसहून निघालेल्या माणसाला मुळाचा पत्ता विचारत आमच्या डोंगरांत यावे लागले, याचा मला जिल्हावासी म्हणून अभिमान वाटतो.

अजिंठ्याला मी किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही. दर वर्षी श्रावणात शाळेची सहल न्यायचो. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर. वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतलेले, आणि त्या कड्यात ओळीने लेणी. मुलांना मी चित्रांआधी भिंत दाखवायचो. कड्याच्या दगडावर माती लिंपलेली आहे. तिच्यात भाताचा तूस आहे, वनस्पतींचे तंतू आहेत, वरून चुन्याचा पातळ हात आहे. लाल रंग म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवळी माती, काळा म्हणजे काजळी. हिरवा रंग इथल्याच काळ्या दगडात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. लांबून आला तो फक्त निळा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा. म्हणजे डोंगराची माती डोंगरालाच लावून त्यावर हत्ती, कमळांची तळी, केळी, अशोक, माकडे, मोर आणि माणसे रंगवली. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीभोवतीचे खडक पाहा. माणूस, प्राणी आणि दगड एकाच रेषेने काढले आहेत. कुणाला कमी जीव आणि कुणाला जास्त, असा भेद त्या रेषेत नाही.

या भिंतींशी आपलेही नाते आहे. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवल्या, तेव्हा त्या कामात हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हे तरुण चित्रकार होते. सय्यद अहमद तर पुढे अजिंठ्याचेच होऊन राहिले. लेण्यांची देखभाल त्यांच्याकडे आली. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९३० पासून अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला. बुद्धाच्या भिंती जपण्यात आपला दीन आड येतो असे या माणसांना वाटले नाही.

अजिंठ्याचा हिरवा आणि गेरू डोळ्यांत ठेवून रझांची १९८० नंतरची चित्रे पाहिली की नाते लागते. आता त्यांत ना फ्रेंच गाव आहे ना उसळता लोट. मोठे काळे वर्तुळ, त्याभोवती त्रिकोण, चौकोन, आडवे पट्टे. रंग मोजके आणि मातीचे. नावे बिंदू, अंकुरण, पंचतत्त्व, प्रकृती. रझांना आता झाड दिसते कसे याच्याशी कर्तव्य नव्हते. बी काळोखात फुटते कसे, हे त्यांना रंगवायचे होते. काळे वर्तुळ म्हणजे लहानपणीची जंगलातली रात्र, आणि तेच जमिनीखालचे बी. ज्या काळोखाला मूल घाबरले त्याच काळोखातून सगळे उगवते, हे समजायला त्यांना आयुष्य लागले.

माझे एक सहकारी, उर्दूचे जाणकार, मला एकदा म्हणाले, "रझासाहेब मोठे खरे, पण यात आपले काय आहे सर? बिंदू, प्रकृती, कुंडलिनी, सगळे तर त्यांचे." हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. बिंदूची परंपरा भारतीय तत्त्वज्ञानाची आहे, रझांनी ती उघडपणे आणि आदराने घेतली, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण मी सरांना विचारले, आपल्या लिपीतून नुक्ता काढून टाकला तर काय उरते? ‘बे’ खालचा एक ठिपका पुसला की बिस्मिल्लाहचे पहिले अक्षरच वाचता येत नाही. सुफींनी त्या नुक्त्यावर किती चिंतन केले आहे! मंडलाच्या शाळेतला ठिपका आणि ‘बे’ खालचा नुक्ता यांत कुंपण घालायचेच असेल तर ते आपल्याला घालावे लागेल. कागदावर ते नाही.

आणि निसर्ग जिवंत आहे, ही जाणीव तरी कुणा एकाची कशी? सूरह बनी इस्राईलची ४४ वी आयत आपण सगळे पढतो. आकाशांत आणि पृथ्वीवर जे जे आहे ते अल्लाहची तस्बीह करीत असते, माणसाला ती समजत नाही एवढेच, असा तिचा आशय आहे. सूरह रहमानमध्ये झाडे सजदा करतात. उहुद पर्वताचे आपल्यावर प्रेम आहे आणि आपले त्याच्यावर, असे रसूलुल्लाह म्हणत. मस्जिदे नबवीत ज्या खजुराच्या खोडाला टेकून ते खुत्बा देत, ते खोड नवे मिंबर आल्यावर विरहाने रडले आणि त्यांनी हात ठेवल्यावर शांत झाले, ही हकीकत आपल्याकडे लहान मुलांनाही सांगतात. दोन कबरींवर त्यांनी खजुराची हिरवी फांदी चिरून लावली, ती हिरवी असेतोवर आतल्यांना आराम मिळावा म्हणून. ओली फांदी तस्बीह करते, असे अनेक जाणत्यांनी त्याचे कारण सांगितले आहे. आपल्या कबरस्तानांत कबरीवर सब्जा लावतात, त्याच्या मुळाशी हीच श्रद्धा आहे. इतके सारे ज्यांच्या परंपरेत आहे त्यांनी झाडाला बेजान म्हणावे?

मौलवीसाहेब चुकले असे मी म्हणत नाही. त्यांनी सांगितलेला नियम चित्र काढण्यापुरता होता. रूह हा त्यांच्या शास्त्राचा शब्द, त्याचा अर्थ माणसा-प्राण्यांपुरता. त्या नियमाने झाडाच्या जिवाबद्दल काहीच म्हटलेले नाही. आणि शास्त्रातही एक मजेदार नोंद मला नंतर वाचायला मिळाली. ज्या इब्ने अब्बास यांनी चित्रकाराला झाडांची वाट दाखवली, त्यांचेच एक थोर शिष्य मुजाहिद यांना फळे धरणाऱ्या झाडाचे चित्रही पसंत नव्हते. बाकीच्या आलिमांनी हे मत स्वीकारले नाही. पण मला त्या शिष्याबद्दल आपुलकी वाटते. फळांनी वाकलेल्या झाडासमोर उभे राहून याला बेजान म्हणायला त्यांची जीभ रेटली नसावी, अशी माझी आपली समजूत.

बेजान काय असते ते मी शाळेत पाहिले आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना "निसर्गचित्र काढा" म्हटले की पन्नासातली पंचेचाळीस मुले एकच चित्र काढतात. दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठावर झोपडी आणि वाकलेले नारळाचे झाड. ही मुले मराठवाड्यातली! आमच्याकडे नारळीच्या बागा कुठल्या? आमचे डोंगर तर टोकदार नाहीतच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून ते झाले, म्हणून त्यांचे माथे सपाट, टेबलासारखे, आणि अंगावर पायऱ्या. वर्गाच्या खिडकीतून ते दिसत असतात, आणि मूल पुस्तकातला त्रिकोण काढते. न पाहता काढलेले ते चित्र बेजान. मग मी मुलांना बाहेर काढायचो. कधी हिमायत बागेत, कधी पाणचक्कीच्या वडाखाली, कधी सलीम अली सरोवराच्या काठी. पक्ष्यांच्या मागे जन्मभर फिरलेल्या डॉ. सलीम अलींचे नाव आमच्या तळ्याला आहे, हेही सांगायचो. अर्धा तास नुसते पाहायचे, वही बंद. एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे झाड एका बाजूला जास्त का वाढलंय?" मी म्हटले, ते ऊन शोधत होते. ती लगेच म्हणाली, "म्हणजे त्याला कळतं!" त्या दिवशी तिने काढलेल्या झाडात नारळ नव्हता.

आमच्या अंगणातल्या कडुनिंबाची मी तीस वर्षांत शंभरावर चित्रे केली असतील. चैत्रातली तांबूस पालवी, वैशाखातला मोहर, श्रावणातली भिजून काळी पडलेली साल. दादीचा जनाजा त्याच्याच सावलीत ठेवला होता, पुढे अब्बांचाही. मग भावाभावांत वाटण्या झाल्या, घर विकले गेले, आणि नव्या बांधकामासाठी झाड तोडायचे ठरले. मी अडवू शकेन असे काही कागदोपत्री माझ्याकडे नव्हते. तोडायच्या दिवशी मी गेलो. यंत्राच्या करवतीला दोन तासही लागले नाहीत. फांदीमागून फांदी पडत होती तशी गल्ली उजेडाने भरत गेली, नको इतक्या. जुन्या शेजारीणखाला दारात उभ्या होत्या. खोड आडवे झाले तसे त्यांच्या तोंडून इन्ना लिल्लाह निघाले. कुठल्याही नुकसानीला आपण ते म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पण त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला, आणि तो पदर नुकसानीसाठी नव्हता. दादीचे "वो लोगां" त्या दिवशी मला पुरते समजले. घरी येऊन मी जुनी चित्रे काढून बसलो. ती झाडाची चित्रे म्हणून केली होती. आता ती एका गेलेल्या माणसाची चित्रे होती.

हे शहर आता छत्रपती संभाजीनगर आहे. नावावरून बोलणारे पुष्कळ आहेत, मी डोंगरांवरून बोलतो. भोवतीच्या टेकड्या मुरूम-खडीसाठी पोखरल्या गेल्या. रुंद झालेल्या रस्त्यांनी जुनी झाडे गेली. खाम नदी अनेक वर्षे नाला म्हणूनच ओळखली गेली. अलीकडे तिचे काठ साफ करून झाडे लावण्याचे काम झाले, ते पाहून बरे वाटते. नदी जिवंत आहे असे कुणाला तरी वाटले म्हणून ते झाले. डोंगर म्हणजे नुसती खडी आणि झाड म्हणजे नुसती अडचण, असे एकदा मनाने घेतले की करवत दूर नसते. म्हणून चित्रकाराची ही दृष्टी मला हौसेची वाटत नाही. आपल्या मुलांना "झाडे काढ" असे जरूर सांगावे. मात्र त्यात जीव नाही म्हणून काढ, असे सांगू नये. तेही आपल्यासारखेच तस्बीह करणारे आहे, त्याला नीट पाहून मग काढ, असे सांगावे. मौलवीसाहेबांची परवानगी आणि दादीची अदब, दोन्ही त्यात येतात.

पत्नीच्या २००२ मधल्या निधनानंतर रझा एकटे पडले, आणि २०१० च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, फ्रान्समधले घर सोडून दिल्लीत परत आले. हात थरथरत असतानाही रंगवत राहिले. २३ जुलै २०१६ रोजी ते गेले. मंडलात वडिलांच्या कबरीशेजारी आपल्याला दफन करावे, ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. भावंडे सरहद्दीपलीकडे गेली, स्वतः साठ वर्षे समुद्रापलीकडे राहिले, आणि शेवटी नर्मदेकाठच्या त्याच मातीत आले. ही माती तुमची कितपत, असे आपल्याला अधूनमधून विचारले जाते. रझांनी भाषणाने उत्तर दिले नाही. ते माती रंगवत राहिले, तिच्या आतला काळोख आणि त्यातले बी रंगवत राहिले, आणि मग तिच्यात गेले. त्यांना मूठमाती दिली तेव्हा आषाढ होता. मंडलाच्या जंगलात त्या दिवसांत उघडी जमीन हिरवी व्हायला फार वेळ लागत नाही.